छंदाचा रकाना

३ फेब्रुवारी

माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं!

दुपारी सुधन्वा जेवायला आला. तिसऱ्या पोळीला हात घातला. मग एकदम हसत म्हणतो, "काकू, मुलाखतीची तारीख आली. वीस मार्च. आणि तुम्ही सांगितलेला छंद मी खरंच लिहिलाय बरं का फॉर्मात!"

कुठला छंद? आधी आठवेचना. आठवला आणि आमटीचा डाव पातेल्यातच राहिला.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. पोरं इथेच टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली. नाव, गाव, शिक्षण, सगळं भरून झालं आणि छंदाच्या रकान्यापाशी सुधन्वाचं घोडं अडलं. "काकू, मला छंदच नाही हो. इतकी वर्षं नुसता अभ्यास केलाय." मी भेंडी वाढत होते. म्हटलं, "लिही की, इंग्रजी शब्दांची मुळं शोधणे! माझ्या दादांचा होता तो छंद. भारदस्त वाटतो." सगळी पोरं हसली. मीही हसले आणि ताक आणायला आत गेले. संपला विषय.

संपला कसला! आयोगाच्या मुलाखतीत त्या फॉर्मातल्या शब्दाशब्दावर प्रश्न येतात. एकोणीस वर्षं मेस चालवतेय मी दिल्लीत, राजेंद्रनगरात, यूपीएससीची मराठी पोरं जेवू घालतेय, एवढं मला कळतं. मागे एकाने 'बागकाम' लिहिलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, गुलाबाचं कलम कधी बांधतात? झालं, याची बोबडी वळली! आणि सुधन्वाचा हा सहावा प्रयत्न. सहावा म्हणजे शेवटचा. यानंतर त्याला परीक्षेला बसताच येणार नाही.

आणि हा हसतोय! मला नाही आलं हसू. संध्याकाळच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. चेतना - आमची नांदेडची टकळी, तिचीही मुलाखत याच खेपेला - म्हणाली, "यार काकू, समुद्र आणलात का कढईत?"

४ फेब्रुवारी

सकाळी यांना माळ्यावर चढवलं. हे कृषी भवनातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण अजून शिडीवर चढायच्या आधी "प्रस्ताव कोणाचा?" विचारतात. म्हटलं, माझा! चढा!

दादांची पेटी निघाली. दादा म्हणजे माझे वडील. तळेगावच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. एकेका शब्दाची कुळकथा लिहून ठेवायचे. शब्द कुठून निघाला, वाटेत कुठे मुक्काम केला, कोणाच्या घरी नांदला. दोनशे पानांची वही. वाळवीने फक्त पुठ्ठा खाल्लाय. हुश्श!

दुपारी ती वही सुधन्वाच्या ताटाशेजारी ठेवली. "परवापासून रोज साडेतीन ते साडेचार. स्वयंपाकघरात यायचं."

तो म्हणाला, "काकू, अहो ते मी -"

"अहो नाही आणि काहो नाही! मी घातलेला घोळ मीच निस्तरणार."

वहीकडे बघितलं त्याने, माझ्याकडे बघितलं. परत काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यात लाडू कोंबला. मग म्हणाला, बरं.

६ फेब्रुवारी

पहिला शब्द कुठला घ्यायचा यावर वाद. त्याला लांबलचक शब्द हवा होता, चार ओळींचा. मी म्हटलं, दादा म्हणायचे, लांब शब्दाला सगळेच घाबरतात म्हणून त्याची चौकशी कोणी करत नाही. छोट्या शब्दातच माणूस सापडतो. रोज तोंडात असतो आणि विचारलं की फेफे उडते.

मग दारावरच्या पाटीकडे लक्ष गेलं. 'कुमुदिनी मेस. घरगुती मराठी जेवण.'

मेस!

"सांग बरं, कुठून आला हा शब्द?"

तो म्हणतो, "सोपं आहे काकू. मेस म्हणजे पसारा. होस्टेलची पोरं जेवताना पसारा करतात, म्हणून त्या जागेला मेस."

कान पिळला. एकतीस वर्षांचा घोडा आहे, पण पिळला. माझ्या मेसमध्ये पसारा? ओट्यावर तोंड बघून कुंकू लावता येतं!

७ फेब्रुवारी

दादांच्या वहीत आहे मेस! पान एकशे बारा. इतका आनंद झाला की डाळ उतू गेली.

दादांनी लिहिलंय - मूळ लॅटिन. त्यातल्या एका क्रियापदाचा अर्थ 'पाठवणे, सोडणे'. पुढे पुढे त्याचाच अर्थ झाला 'ठेवणे'. म्हणजे ताट समोर ठेवणे! तिथून तो फ्रेंचांकडे गेला, तिकडे झाला 'पानातला एक पदार्थ'. तिथून इंग्रजीत आला सात-एकशे वर्षांपूर्वी. तेव्हा मेस म्हणजे जेवणाचा एक वाढा, एका वेळी पानात वाढतात तेवढं. बस्स. पसाऱ्याचा संबंध नाही!

सुधन्वाने स्वतः फोनवर दोन-तीन शब्दकोश उघडून ताडून पाहिलं. बरोबर निघालं. म्हणाला, "काकू, म्हणजे मेस म्हणजे वाढणं!"

मी म्हटलं, मग! आणि त्याला अजून एक वाढा भात वाढला.

८ फेब्रुवारी

त्याच लॅटिन शब्दाची भावंडं - मेसेज, मिशन, मिसाइल. सगळी पाठवायचीच कामं. लता पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. लता इटाव्याची, बारा वर्षं माझ्याकडे आहे, मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. म्हणाली, "तो भाभी, खाना और मिसाइल एक ही घर के?" म्हटलं, हो. सख्खे. घराघरांत असतातच की असे.

११ फेब्रुवारी

मेसचा दुसरा अर्थ सापडला. एकत्र जेवणारी मंडळी! जागा नाही हं, माणसं. लंडनच्या जुन्या वकिलांच्या पंगतीत चौघाचौघांची एक मेस असायची. चौघांत एक भांडं. जहाजावरच्या खलाशांच्याही अशाच मेस. फौजेतली ऑफिसर्स मेस तिथूनच आली.

मी म्हटलं, आपली पंगत त्याहून मोठी. पंक्ती म्हणजे मुळात पाचांचा गट, दादांनी समासात लिहिलंय. इंग्रजांपेक्षा एक माणूस जास्तच बसतो आपल्याकडे!

सुधन्वा खो खो हसला. मग तेच सगळं त्याच्याकडून इंग्रजीत म्हणून घेतलं, कारण मुलाखत इंग्रजीत देणार आहे. अडखळला दोनदा. पण हात हलवून बोलला. हा मुलगा हात हलवून बोलतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

लताची सून हिंदूराव हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी! लता आठ दिवस सुट्टीवर. बावीस जणांच्या पोळ्या आणि मी एकटी.

साडेतीनला सुधन्वा आला आणि विचारलं-सवरलं नाही, परात ओढली. पोळ्या लाटल्या. काय पोळ्या! एकीचा आकार गोवा, दुसरीचा बिहार. पोरांनी नकाशे ओळखत जेवण केलं. चेतनाला छत्तीसगड मिळालं.

१५ फेब्रुवारी

आज त्याची सराव-मुलाखत. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आपल्याकडचे दोन-तीन अधिकारी घेतात, मुलांचं भलं व्हावं म्हणून. टाय लावून गेला. मी दही-साखर दिली हातावर.

आला तो पार उतरलेला. मॉकचं पानिपत!

"छंद विचारला का रे?" माझा जीव तिथेच अडकलेला.

"तिथपर्यंत गेलंच नाही, काकू. नाव विचारलं, जिल्हा विचारला. धाराशिवला पाणी का नाही विचारलं. आणि माझं तोंडच बंद झालं. सगळं येत होतं. पण समोर माणसं बघितली की घसा सुकतो. गेल्या वर्षी पण हेच."

गेल्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोचून राहिला होता, ते आठवलं. तेव्हा मी म्हटलं होतं, नशीब. नशीब कसलं! पोरगं घाबरतं. आणि अशा पोराच्या गळ्यात मी नसता छंद बांधला.

देवा, माझी चूक त्याला भोवू देऊ नकोस रे. माझं काय ते मला दे.

१६ फेब्रुवारी

ठरलं. घरातच बोर्ड बसवायचा. समोर माणसं बघायची सवयच करून टाकू!

जेवणाच्या टेबलामागे तीन खुर्च्या. मधे अध्यक्ष म्हणून हे. एका बाजूला चेतना, दुसऱ्या बाजूला मी. हे आतून बंद गळ्याचा कोट घालून आले! वीस वर्षांनी बाहेर काढला. डांबरगोळ्यांचा असा वास की चेतनाला शिंका.

सुधन्वा आत आला, "मे आय कम इन सर?" हे म्हणाले, "या." मग चष्मा पुसला. मग कागद बघितला. मग परत चष्मा पुसला. अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या चष्मे-पुसणीसमोर उभं राहण्यात गेली, आता स्वतःला मिळालं तर सोडतायत का! शेवटी म्हणाले, "तुमच्या जिल्ह्याची भौगोलिक पार्श्वभूमी विशद करा."

सुधन्वाने पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवेचना. इथेसुद्धा!

मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला आणि विचारलं, "मेस म्हणजे काय रे?"

आणि सुटला की! लॅटिन, फ्रेंच, चौघांची पंगत, सगळं हात हलवत. थांबेचना. त्याच दमात चेतनाने धाराशिवचं पाणी विचारलं, तेही बोलून गेला.

१७ फेब्रुवारी

बोर्ड चालू. यांचा कोट उन्हात टाकला.

२२ फेब्रुवारी

लता परतली. नातीचं नाव सलोनी ठेवलंय. पेढे आणले. सुधन्वाने बोर्डाला पेढे वाटले तर हे म्हणाले, "ही लाच समजावी काय?" आणि दोन घेतले.

२७ फेब्रुवारी

मेसचा पसारा कसा झाला ते आज मिळालं. मला हे कळायलाच हवं होतं, माझ्या पाटीचा प्रश्न होता!

आधी जेवणाचा वाढा. मग पातळ-सातळ, कालवलेलं अन्न. मग जनावरांपुढे ठेवतात ते मिसळून टाकलेलं खाणं. आणि त्यावरून मग कुठलाही कालवाकालव झालेला गोंधळ. हा अर्थ जेमतेम दोनशे वर्षांचा. म्हणजे मूळ घर जेवणाचं, हा पसारा मागून आलेला भाडेकरू! आणि आता सगळं जग त्या भाडेकरूलाच घरमालक समजतंय.

सुधन्वा म्हणाला, "काकू, हे वाक्य मी मुलाखतीत वापरू?"

वापर की बाबा. माझं काय जातंय!

खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. दादा गेल्यापासून त्यांच्या वहीतलं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी बी.ए. झाले, लग्न झालं, दिल्लीत आले, आणि तीस वर्षं किती माणसं जेवायची एवढंच विचारत आले. हा मुलगा माझ्यामुळे अडचणीत आलाय आणि मी इथे मजा करतेय! लाज वाटली थोडी. पण मजा येतेच आहे.

५ मार्च

आता नुसतं मेसवर भागत नाही. रोज एक नवा छोटा शब्द. कॉट निघाला आपल्या खाटेवरून! आपलीच खाट, गोऱ्याने नेली आणि आपल्यालाच कॉट म्हणून परत दिली. यांना सांगितलं तर कॉटवर उठून बसले आणि खाली वाकून बघितलं.

बाकीची पोरंही साडेतीनला घुटमळायला लागलीत. मी आत घेत नाही. हा क्लास नाही, हे प्रायश्चित्त आहे. असं म्हटलं की चेतना तोंड फिरवून हसते. काय हसण्यासारखं आहे त्यात?

१० मार्च

आज बोर्डात मी खडूस बाईचं काम केलं. "तुमचा हा छंद खरा आहे की फॉर्म भरायचा म्हणून लिहिलात?"

मला वाटलं, गडबडेल. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सुरुवात दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून झाली. पण आता दिवसाच्या चोवीस तासांतला हा एक तास मी कोणाला देणार नाही."

मी खडूसपणा विसरले. नाक पुसायला आत जावं लागलं. हे अध्यक्ष, त्यांनी बैठक तहकूब केली.

१९ मार्च

उद्या. त्याचा शर्ट मीच इस्त्री केला. त्याची आई फोनवर होती, धाराशिवहून. "ताई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." या माउलीला काय सांगू, की काळजी मीच लावलीय म्हणून!

२० मार्च

गेला. आला. पाच पोळ्या खाल्ल्या.

आणि मी विचारू शकत नाही! कारण या मेसचा नियम - मुलाखत देऊन आलेल्याला "कशी झाली" विचारायचं नाही. निकाल लागेपर्यंत कोणी एक अक्षर काढायचं नाही. नियम कोणाचा? माझाच. फ्रीजवर लावलाय, माझ्याच अक्षरात. एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नाही मी. मागच्या साली एकाने मोडला तर त्याला आठवडाभर कारल्याची भाजी.

पण छंद विचारला का? एवढंच सांग ना रे!

२४ मार्च

आडून आडून प्रयत्न. "सुधन्वा, काल-परवा कुठे कोणी काही मेसबद्दल बोललं का रे?"

"काकू, कारलं कोणाला खायचंय?"

मेला माझाच नियम मला दाखवतो!

३० मार्च

गुढीपाडवा. बाल्कनीत गुढी उभारली. खालचे भाटियाजी दरवर्षी विचारतात, "भाभीजी, ये लोटा उल्टा क्यूँ?" दरवर्षी सांगते. दरवर्षी म्हणतात, "अच्छा अच्छा, बिल्कुल." श्रीखंडाला मात्र न विचारता येतात.

सुधन्वाने गुढीला नमस्कार केला तो जरा जास्त वेळ. मी पण मग जरा जास्त वेळ केला.

३ एप्रिल

चेतनाची मुलाखत झाली. तिलाही विचारायचं नाही. तिच्या पोटात तर तीळ भिजत नाही, ती स्वतःच सांगायला आली, मी कानात बोटं घातली. "यार काकू, ऐका तरी!" नाही म्हणजे नाही. नियम म्हणजे नियम.

९ एप्रिल

साडेतीनचा तास चालूच आहे. मुलाखत झाली, आता कशाला येतोस, असं विचारलं. म्हणाला, "सवय लागली." आज टीप शब्द घेतला, हॉटेलात वेटरला देतात ती. त्याचं मूळ कोणालाच धड माहीत नाही, सगळे अंदाज. दादांनी पुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलंय. मला आवडलं ते. माहीत नाही तर माहीत नाही.

१५ एप्रिल

यांना म्हटलं, तुम्ही तरी विचारा त्याला, तुम्हाला कारलं आवडतं.

हे म्हणाले, "विषय माझ्या अखत्यारीत नाही."

तेहेतीस वर्षं संसार केला मी या माणसाशी!

२२ एप्रिल

निकाल लागला.

निकालाच्या दिवशी मी शिरा करते. यादी बघायच्या आधीच. नाव असेल त्यालाही तो आणि नसेल त्यालाही तोच. लताने रवा भाजायला घेतला आणि बाहेर चेतनाची किंकाळी. आली! यादीत आली चेतना! चारशे सात! टेबलावर चढून नाचली कार्टी. मी मिठी मारली, ती रडली, मी रडले, भाटियाजी वर आले आणि कशासाठी ते न कळता तेही रडले.

सुधन्वाचं नाव नाही.

यांनी फूटपट्टी लावून यादी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीनदा. तीनदा नाही.

सुधन्वाने चेतनाला खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत मिरवलं. टाळ्या वाजवल्या. शिरा खाल्ला, परत मागून घेतला. वडिलांना फोन केला, "नाही झालं, बाबा. जेवलोय मी." एवढंच. मी भांड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. कसला छंद सुचवला मी! एका माणसाची सहा वर्षं, आणि मी भेंडी वाढता वाढता, हसता हसता, त्यावर बोळा फिरवला. कोणी विचारलं होतं मला? कोणी नाही!

मग बाहेर येऊन त्याला गाठलं. आता निकाल लागला होता, नियम संपला होता. "खरं सांग. छंदावरच अडला ना? माझ्यामुळेच गेलं ना रे?"

त्याने माझा चेहरा बघितला. मग म्हणाला, "काकू, उद्या सकाळी येतो. आधी कागद शोधतो."

कसला कागद? मला काही नको कागद. संध्याकाळी पंगत मोठी होती, चेतनाचे मित्र आले होते. सगळ्यांना वाढलं. माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

२३ एप्रिल

सकाळीच आला. फॉर्मची प्रिंट ओट्यावर ठेवली आणि छंदाच्या रकान्यावर बोट. व्हॉलीबॉल. एवढंच. पुढे-मागे काही नाही!

"तुम्ही सांगितलेलं मी लिहिलंच नव्हतं, काकू. त्या दिवशी गंमत केली. दुसऱ्या दिवशी खरं सांगायला गेलो तर तुम्ही वही घेऊन उभ्या. आणि नंतर सांगायचंच नव्हतं मला. दिवसभरात तेवढा एकच तास भीती वाटायची नाही. तुमच्यामुळे मुलाखतीत पहिल्यांदा बोललो मी, पाऊण तास. कमी पडलो असेन ते लेखीच्या मार्कांत. पास झालो असतो तर हे कधीच कळू दिलं नसतं तुम्हाला."

चेतनाला माहीत होतं? सगळ्या मेसला माहीत होतं. यांनासुद्धा!

लाटणं उगारलं, मारलं नाही. खाली बसून रडले, मग हसले, मग परत रडले.

त्याची गाडी उद्या संध्याकाळची आहे. म्हटलं, साडेतीनला ये, एक शब्द होईल.